अपडेटनंतर कॉम्प्युटर बिघडला, तर आधी काय पाहायचं?

काल संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर नीट चालत होता. रात्रीतून अपडेट झालं आणि आज प्रिंटर सापडत नाही, आवाज येत नाही, किंवा कंपनीचा लोगो दाखवून चकरी नुसती गरगर फिरत राहते. अशा वेळी दोन गोष्टी सगळ्यात आधी सुचतात: पॉवरचं बटण दाबून धरणं आणि 'अपडेट कायमचं बंद कसं करायचं' हे शोधणं. माझ्या मते अपडेटमुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून अधिक या दोन उपायांमुळे होतं. पहिल्याने अर्धवट लिहिलेल्या सिस्टीम फाईली तशाच राहतात. दुसऱ्याने आजचा त्रास टळतो, पण पुढे कधीतरी त्याची व्याजासकट वसुली होते.

त्याऐवजी पाच मिनिटं थांबून नेमकं काय झालंय ते ठरवावं. अपडेट पूर्णच झालेलं नाही, अपडेट झालं पण त्याचं कशाशी तरी जमत नाही, की अपडेटने एखादी गोष्ट मुद्दाम बंद केलीय? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की गुंता वाढतो. इथे भर विंडोजवर आहे, कारण सगळ्यात तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर तीच चालते. मॅक आणि लिनक्समध्ये वेगळं काय, ते पुढे येईलच.

अपडेट होताना आत काय चालतं

'अपडेट' म्हणून जे येतं ते सगळं एका जातीचं नसतं. पहिली जात दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटची. मायक्रोसॉफ्ट ती ऑक्टोबर २००३पासून ठरलेल्या दिवशी, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते; म्हणून त्या दिवसाला 'पॅच ट्यूसडे' असंच नाव पडलंय. हे अपडेट एकत्रित असतं, म्हणजे आधीच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही त्याच गठ्ठ्यात असतात. एखादा महिना चुकला तरी पुढच्या महिन्यात भरपाई होते. पण याचीच दुसरी बाजू अशी, की गठ्ठ्यातली एकच दुरुस्ती त्रास देत असेल तर तेवढीच वगळता येत नाही. घ्यायचं तर सगळं, काढायचं तर सगळं.

दुसरी जात वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीची: २३एच२, २४एच२ वगैरे. तिसरी ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय, आवाज, प्रिंटर यांच्याशी विंडोजला बोलायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. आणि चौथी 'प्रीव्ह्यू' अपडेटची, जी महिन्याच्या उत्तरार्धात ऐच्छिक म्हणून दिली जाते. पुढच्या महिन्यात सगळ्यांना मिळणार असलेले बदल त्यात आधी असतात. ती घेणारा माणूस प्रत्यक्षात चाचणीत भाग घेत असतो, फक्त त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. विंडोज ११च्या अपडेट सेटिंग्जमध्ये 'नवीन अपडेट उपलब्ध होताच मिळवा' अशा अर्थाची एक कळ आहे. कामाच्या कॉम्प्युटरवर ती बंद असलेली बरी.

आता रीस्टार्ट का लागतो ते बघू. विंडोजमध्ये वापरात असलेली फाईल कुलूपबंद असते. सतरंजीवर माणसं बसलेली असताना ती बदलता येत नाही, सगळ्यांना उठवावं लागतं; तसंच इथे. म्हणून नव्या फाईली आधी एका राखीव साठ्यात आणून ठेवल्या जातात. ते काम चालू असताना तुम्ही खुशाल तुमचं काम करू शकता. मग रीस्टार्टच्या वेळी, बाकी काहीच चालू नसताना, जुन्यांच्या जागी नव्या बसवल्या जातात. पडद्यावर टक्के दिसतात तेव्हा हे काम चालू असतं, आणि वीज जाऊ नये तो काळ हाच. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच रीस्टार्ट करावा.

फाईली बसवताना काही अडलं, तर विंडोज स्वतःच मागे फिरते आणि 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दाखवते. हा संदेश पाहून लोक घाबरतात. खरं तर तो दिसला याचा अर्थ यंत्रणा जागेवर आहे आणि तुमचा कॉम्प्युटर कालच्या स्थितीत परत येतोय. या टप्प्याला अपडेटहून जास्त वेळ लागू शकतो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तासही लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटणाला हात लावू नये.

आणखी एक बारकावा, जो फार कमी जणांना माहीत असतो. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाऊन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्याचाही गाभा कित्येक दिवस तोच चालू असू शकतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू करतं. अपडेटनंतर काही विचित्र वागणूक दिसली, तर पहिला उपाय म्हणून रीस्टार्टच निवडायचा. बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं.

अपडेट पूर्णच होत नाही तेव्हा

डाऊनलोड होतं, अमुक टक्क्यांवर अडकतं, आणि शेवटी शून्य, एक्स, आठ अशाने सुरू होणारा एक लांबलचक कोड मिळतो. हा सगळ्यात चिडचिडा पण सगळ्यात कमी धोक्याचा प्रकार, कारण कॉम्प्युटर अजून चालतोय.

कोडचा भरवसा किती धरायचा, हे जानेवारी २०२४मधल्या एका प्रकरणावरून कळतं. केबी५०३४४४१ या क्रमांकाचं अपडेट असंख्य कॉम्प्युटरवर ०एक्स८००७०६४३ हा कोड देऊन फसत होतं. कोडचा छापील अर्थ होता 'इन्स्टॉल करताना गंभीर त्रुटी'. खरं कारण भलतंच होतं. डिस्कवर विंडोजच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला एक छोटा छुपा विभाग असतो, त्यात हे अपडेट बसायला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. वापरणाऱ्याने सी ड्राइव्हवरचे शेकडो फोटो उडवले तरी काही फरक पडणार नव्हता, कारण जागा तिथे कमी नव्हतीच. मायक्रोसॉफ्टने यावर तो विभाग हाताने मोठा करायची कृती प्रसिद्ध केली. डिस्कचे विभाग मागेपुढे करणं म्हणजे चुकीला माफी नसलेलं काम. ज्याला त्याची सवय नाही, त्याने ते न करणंच शहाणपणाचं होतं.

म्हणून शोध घेताना नुसता कोड टाकू नये. एकाच कोडमागे दहा वेगळी कारणं असतात. 'अपडेट हिस्टरी'मध्ये जाऊन केबीने सुरू होणारा क्रमांक घ्या आणि कोड व तो क्रमांक दोन्ही एकत्र शोधा. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज रिलीज हेल्थ' नावाचं पान आहे, त्यावर प्रत्येक आवृत्तीतल्या माहीत झालेल्या अडचणी आणि त्यांची सद्यस्थिती लिहिलेली असते. तुमची अडचण तिथे असेल तर तुम्ही करण्यासारखं बहुधा काही नाही, थांबायचं. नसेल तर दोष तुमच्याच यंत्रावर आहे असं धरून पुढे जायचं.

पुढे जायचं म्हणजे सौम्य उपायाकडून कडक उपायाकडे. आधी रीस्टार्ट. मग डिस्कवर जागा आहे का ते. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नव्या कॉम्प्युटरवर सुमारे ७ जीबी जागा अपडेटसाठी राखून ठेवली जाते, तरी मोठ्या आवृत्तीला ती पुरत नाही. वीसेक जीबी मोकळी असावी. मग कीबोर्ड-माऊस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढून ठेवायचं. बाहेरून घेतलेलं अँटिव्हायरस असेल तर ते तात्पुरतं काढून बघायचं, कारण सिस्टीम फाईली बदलणाऱ्या कुणावरही संशय घेणं हेच त्याचं काम आहे. त्यानंतर सेटिंग्जमधला 'ट्रबलशूटर' चालवायचा.

इतक्यानेही भागलं नाही तर डाऊनलोडचा साठा बिघडल्याची शक्यता असते. तो विंडोज फोल्डरच्या आत 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' नावाच्या फोल्डरमध्ये असतो. 'विंडोज अपडेट' ही सेवा थांबवून त्या फोल्डरचं नाव बदललं की विंडोज नवा फोल्डर तयार करते आणि सगळं पुन्हा उतरवून घेते. अपडेटची जुनी यादी पडद्यावरून जाते, अपडेट जात नाहीत.

त्याच्याही पुढे 'डिसम' आणि 'एसएफसी' ही दोन अवजारं आहेत. त्यांच्या आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावरूनच उतरवून घ्या. व्हिडिओ पाहून टाईप करताना एक रिकामी जागा चुकली तरी आज्ञा चालत नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी डिसम, मग एसएफसी. एसएफसी बिघडलेल्या फाईलीच्या जागी राखीव साठ्यातली चांगली प्रत आणून बसवतं. पण तो साठाच बिघडलेला असेल तर चांगली प्रत येणार कुठून? डिसम तो साठा दुरुस्त करतं. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा सांगितलेला दिसतो आणि मग 'दोन्ही करून पाहिलं, काही उपयोग नाही' अशी तक्रार येते.

विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांमध्ये, सेटिंग्जच्या 'रिकव्हरी' भागात, विंडोज अपडेट वापरून अडचणी दुरुस्त करा असा एक पर्याय आला आहे. तो आहे तीच आवृत्ती पुन्हा बसवतो. तुमच्या फाईली, प्रोग्राम आणि सेटिंग्ज जागेवर राहतात. वेळ लागतो, पण फोल्डरांची नावं बदलत बसण्यापेक्षा मला हाच मार्ग सोपा वाटतो.

अपडेट झालं, पण काहीतरी चालेना

इथे पहिली शंका ड्रायव्हरवर घ्यावी. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्याच्या अगदी जवळ काम करतात, बहुतेक वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेले असतात, आणि जगात यंत्रांच्या इतक्या जोड्या आहेत की सगळ्या तपासून पाहणं कुणालाही शक्य नाही. मार्च २०२१च्या सुरक्षा अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छपाईची आज्ञा देताच सरळ निळा पडदा येऊन कॉम्प्युटर बंद पडायचा. कागदाला शाई लागायच्या आत. मायक्रोसॉफ्टला पुढच्या मासिक अपडेटची वाट न बघता मधेच वेगळी दुरुस्ती द्यावी लागली.

'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन त्या यंत्राच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असतं. ते उजळलेलं असेल तर जुना ड्रायव्हर अजून शिल्लक आहे; दाबा आणि परत जा. फिकं असेल तर परत जायला जुनं काही नाही. मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. ते नवा त्रास देतात आणि जुना तसाच ठेवतात.

पण ज्याचा लोकांना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा दुसराच आहे: हा बिघाड आहे की बदल? त्याच २०२१च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई सेवेत 'प्रिंटनाईटमेअर' नावाने गाजलेली गंभीर पळवाट, म्हणजे हल्लेखोराला आत शिरू देणारी त्रुटी, सापडली. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने ऑगस्टपासून नियमच बदलला: प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला किंवा बदलायला प्रशासकाचे अधिकार हवेत. अनेक कार्यालयांत कालपर्यंत आपोआप जोडला जाणारा प्रिंटर पासवर्ड मागू लागला. सगळ्यांनी 'अपडेटने प्रिंटर बिघडवला' म्हटलं. बिघडलं काहीच नव्हतं, दार मुद्दाम बंद केलं होतं. मॅकवर २०१९मध्ये कॅटालिना आवृत्ती आली तेव्हा ३२-बिटचे जुने प्रोग्राम चालणं बंद झालं, तेही असंच ठरवून. अशा ठिकाणी पुढच्या अपडेटची वाट पाहणं व्यर्थ असतं. पर्यायी प्रोग्राम शोधायचा, सेटिंग बदलायची, किंवा ते एक काम जुन्या यंत्रावर ठेवायचं. बिघाड आहे की बदल, हे त्या केबी क्रमांकाच्या पानावर लिहिलेलं असतं. इंग्रजी रटाळ असलं तरी तेवढं पान वाचावं.

बिघाड असेल तर एक दिवस थांबण्याला ठोस कारण आहे. मायक्रोसॉफ्टकडे 'नोन इश्यू रोलबॅक' नावाची व्यवस्था आहे. नवा बदल आणताना जुना कोडही आत ठेवलेला असतो, आणि बदल वाईट निघाला तर दुरूनच कळ फिरवून तेवढा बदल निष्क्रिय केला जातो. घरगुती कॉम्प्युटरवर हे पोचायला साधारण २४ तास लागू शकतात, आणि रीस्टार्ट केल्यावर ते लवकर लागू होतं. आदल्या दिवशी बिघडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी 'आपोआप' बरी होते त्यामागे पुष्कळदा हे असतं. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांना ही सोय नाही, कारण त्या दुरून बंद करता आल्या तर पळवाट पुन्हा उघडी पडेल.

थांबणं शक्यच नसेल तर 'अपडेट हिस्टरी'च्या तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. तिथून तारीख पाहून शेवटचं अपडेट काढता येतं. काढल्यावर लगेच 'पॉज' करा, नाहीतर तेच अपडेट रात्री पुन्हा येईल. पॉज पाच आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि तेवढ्यात पुढच्या महिन्याचं अपडेट येऊन गेलेलं असतं. मोठी आवृत्ती बदलली असेल तर 'गो बॅक' हा पर्याय फक्त १० दिवस असतो. जुनी विंडोज त्या काळात 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये जिवंत असते. डिस्क भरली म्हणून तिसऱ्याच दिवशी तो फोल्डर साफ करणाऱ्यांचा परतीचा रस्ता तिथेच संपतो. परत जाताना फाईली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातात.

एक सावधगिरी. अपडेटनंतर झालं म्हणजे अपडेटमुळेच झालं, असं नसतं. मरायला टेकलेली डिस्क अपडेटच्या जड लिखाणात आणि रीस्टार्टमध्ये शेवटचा श्वास घेते, तेव्हा दोष अपडेटला मिळतो. 'अपडेट हिस्टरी'तली तारीख आणि त्रास सुरू झाल्याचा दिवस जुळतो का, ते पाहावं. जुळत नसेल तर शोध दुसरीकडे.

कॉम्प्युटर सुरूच होत नाही

विंडोज सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा अडखळली, की ती आपण होऊन दुरुस्तीच्या वातावरणात जाते: निळा पडदा आणि त्यावर 'ट्रबलशूट'चे पर्याय. लॉग-इनच्या पडद्यापर्यंत पोचता येत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट निवडलं तरी तिथेच जाता येतं. तिथे क्रमाने जायचं. आधी 'स्टार्टअप रिपेअर'. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', ज्यात शेवटचं मासिक अपडेट किंवा शेवटची मोठी आवृत्ती काढायचे दोन वेगळे पर्याय असतात, आधी मासिक. मग 'सिस्टीम रिस्टोअर', अर्थात ते आधीपासून चालू असेल तर; कित्येक कॉम्प्युटरवर ते बंदच असतं. आणि 'सेफ मोड', ज्यात विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालते. सेफ मोडमध्ये चालते आणि एरवी नाही, याचा अर्थ विंडोज शाबूत आहे आणि वरून बसवलेलं काहीतरी आडवं येतंय.

१९ जुलै २०२४ला जगभर विमानतळ, बँका, रुग्णालयं एकाच वेळी निळ्या पडद्यावर अडकली होती, ती घटना इथे समजून घेण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने पाठवलेली एक सदोष फाईल होती. पण ते सॉफ्टवेअर गाभ्यात बसत असल्याने त्याच्यासोबत अख्खी विंडोज कोसळत होती. उपाय अगदी साधा: सेफ मोडमध्ये जा आणि ती एक फाईल उडवा. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाऊडवरच्या यंत्रांसाठी दिलेला एक सल्ला तर असा होता, की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, १५ वेळापर्यंतही लागू शकतं. ही चेष्टा नव्हती. दर वेळी कोसळण्याआधी इंटरनेटवरून चांगली फाईल उतरायची थोडी संधी मिळत होती. उपाय इतका सोपा असूनही कित्येक संस्थांना दिवसच्या दिवस का लागले? प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला, आणि बहुतेक ठिकाणी डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप होतं.

हे बिटलॉकर घरगुती माणसालाही गाठतं. डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात ठेवण्याची ही सोय नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने आपोआप चालू होते, आणि पुष्कळांना आपली डिस्क कुलूपबंद आहे याचा पत्ताही नसतो. मग जुलै २०२४ किंवा मे २०२५सारखं एखादं अपडेट येतं, ज्यानंतर काही कॉम्प्युटर सुरू होताना ४८ आकडी किल्ली मागू लागतात. किल्ली नसेल तर जगातला कुठलाही तंत्रज्ञ त्या डिस्कवरचे फोटो परत देऊ शकत नाही. कुलूप त्यासाठीच असतं. किल्ली सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज, कॉम्प्युटर चालू असताना, फोनवरून त्या खात्यात जाऊन ती तिथे दिसते का ते पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. बायॉस किंवा फर्मवेअरचं, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं 'सस्पेंड' करायची सवय लावली, तर किल्ली मागण्याचा प्रसंग बहुतेक टळतो.

आणि दुरुस्तीचं वातावरणच बिघडलं तर? तेही घडलंय. १४ ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११च्या अपडेटनंतर त्या निळ्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले. विंडोजमध्ये ते ठणठणीत, पण दुरुस्तीला गेलात की हात बांधलेले. आठवड्याभराच्या आत दुरुस्ती आली, पण ज्यांचा कॉम्प्युटर त्याच आठवड्यात बंद पडला त्यांना बाहेरच्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करणं भाग होतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने विंडोज भरून ठेवता येते. तिच्यात दुरुस्तीचं वातावरण स्वतःचं असतं, डिस्कवरच्या बिघाडाशी त्याचा संबंध नसतो. कॉम्प्युटर चालू आहे तोवरच ती तयार करून ठेवायची.

थांबायचं, पण किती?

ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांतल्या फाईली गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार ही तक्रार ०.०१ टक्के लोकांचीच होती. ज्याच्या फाईली गेल्या त्याला या टक्केवारीचा काय दिलासा. काही दिवसांत वाटप थांबवलं गेलं आणि १३ नोव्हेंबरला आवृत्ती पुन्हा दिली गेली. सुरुवातीच्या त्या दिवसांत ही आवृत्ती मुख्यतः त्यांनाच मिळाली होती, ज्यांनी स्वतःहून 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं होतं. मोठी आवृत्ती आली की पहिल्याच आठवड्यात ते बटण दाबायला धावू नये, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. कंपन्या मोठ्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने सोडतात आणि ज्या यंत्रांवर अडचण माहीत आहे तिथे त्या रोखून धरतात. वाट पाहणाऱ्याला त्याचा फायदा आपसूक मिळतो.

मासिक सुरक्षा अपडेटचं मात्र वेगळं आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की हल्लेखोरही ती उतरवून जुन्या आणि नव्या फाईलींची तुलना करतात, आणि पळवाट नेमकी कुठे होती ते त्यांना आयतं कळतं. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ला जगभर पसरला. तो ज्या पळवाटेतून शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने पुरते झाले नव्हते. म्हणून माझा हिशेब असा: मासिक अपडेट चार-पाच दिवसांनी, फार तर आठवड्याने, मोठी आवृत्ती एक-दोन महिन्यांनी, प्रीव्ह्यू कधीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर आदल्या रात्री काहीच नाही.

हाताशी बॅकअप नसेल तर वरचं सगळं अर्धवट आहे. 'सिस्टीम रिस्टोअर' तुमच्या फाईली परत आणत नाही, तो फक्त सिस्टीमच्या फाईली आणि सेटिंग्ज मागे नेतो. वनड्राइव्ह किंवा इंटरनेटवर फाईली ठेवणारी तत्सम सोयही पुरती भरवशाची नाही, कारण इथे फाईल उडाली की तिथूनही उडते. रिसायकल बिनमधून ठरावीक दिवसांत काढली तर वाचली. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्यायची, आणि ती डिस्क एरवी काढून ठेवायची.

मॅक, लिनक्स आणि दुहेरी व्यवस्था

मॅकवर यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने ड्रायव्हरचा गोंधळ कमी, पण नेहमीचं अपडेट बसलं की 'अनइन्स्टॉल' नाही. मागे जायचं तर डिस्क पुसून जुनी आवृत्ती टाकायची आणि टाईम मशीन या मॅकच्याच सोयीने घेतलेल्या बॅकअपमधून सामान परत आणायचं. अपवाद छोट्या तातडीच्या सुरक्षा दुरुस्त्यांचा होता, त्या काढता येत. जुलै २०२३मध्ये अशाच एका दुरुस्तीने आवृत्तीच्या क्रमांकापुढे कंसातलं 'ए' हे अक्षर जोडलं, आणि ते अक्षर वाचून काही मोठ्या वेबसाइट गोंधळल्या व सफारीत उघडेनात. अॅपलने ती दुरुस्ती मागे घेतली. गंभीर पळवाट बुजवली होती, फसवलं ते कंसाने.

लिनक्समध्ये परतीचा रस्ता आधीच बांधलेला असतो. बहुतेक प्रकारांत नवा गाभा, म्हणजे कर्नल, आला तरी आधीचा एखाददुसरा ठेवलेला असतो. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना निवडायचा, काम चालू ठेवायचं आणि निवांत दुरुस्ती शोधायची. बहुतेक वेळा दोषी निघतो तो एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, जो नव्या कर्नलशी जुळवून बसलेला नसतो.

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ची घटना लक्षात ठेवावी. विंडोजच्या सुरक्षा अपडेटने सुरू होण्याच्या साखळीतले जुने, असुरक्षित दुवे नाकारले, आणि काही जणांचं लिनक्स 'सुरक्षा धोरणाचा भंग' असा संदेश दाखवून उठेनासं झालं. ज्यांच्याकडे दुहेरी व्यवस्था असेल त्यांना हे अपडेट लागू होणार नाही, असं ठरलेलं होतं. विंडोजला काही ठिकाणी ती व्यवस्था ओळखताच आली नाही. तात्पुरता मार्ग म्हणजे बायॉसमध्ये 'सिक्युअर बूट', म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू दुवेच चालू देणारी सोय, बंद करून लिनक्स सुरू करायचं, ते अद्ययावत करायचं आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात.

शेवटचा उपाय

सगळं करून झालं आणि विंडोज उठतच नाही, तर 'रीसेट धिस पीसी' उरतं. त्यात फाईली ठेवायच्या की सगळं पुसायचं, हे विचारलं जातं. 'फाईली ठेवा' म्हटलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात, म्हणून हिशेबाचं किंवा डिझाइनचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा परवाना क्रमांक आधी शोधून ठेवा. पुढे विंडोज डिस्कवरूनच घ्यायची की इंटरनेटवरून, हा प्रश्न येतो. सिस्टीम फाईलींवर संशय असेल तर इंटरनेटवरून. 'फाईली ठेवा' या शब्दांवर एकट्यावर विसंबूही नका. त्याआधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढता येतात. फक्त डिस्कला बिटलॉकर असेल तर ती ४८ आकडी किल्ली तिथेही विचारली जाईल.